‘पुट ऑफ’ म्हणजे फक्त विझवणे?

डोकं सणकलंय माझं. भाचा शिरोलीच्या एका फाउंड्रीत ऑफिसला आहे, परदेशी गिऱ्हाइकांचे मेल बघतो. परवा मेल आला, ‘द ऑर्डर हॅज बीन पुट ऑफ.’ पोरानं जाऊन मालकांना सांगितलं, ऑर्डर बंद झाली. मोल्डिंग थांबलं, माणसं दुसऱ्या कामाला लावली. दोन दिवसांनी कळलं की ऑर्डर नुसती पुढं ढकलली होती. सगळ्या शॉपसमोर शिव्या खाल्ल्या त्यानं. रात्री ताटावरनं तसाच उठला.

चूक त्याची न्हवं! राजारामपुरीतल्या एका क्लासला 8000 रुपये भरलेत आम्ही. तिथं वहीत लिहून दिलं, पुट ऑफ म्हणजे बंद करणे, विझवणे. संपलं. आपल्याकडं ‘लाइट पुट ऑफ कर’ सर्रास म्हणतात, म्हणून तेवढंच. ते चूक नाही, पण रोजच्या इंग्रजीत पुट ऑफ म्हटलं की आधी पुढं ढकलणेच येतं. रद्द करायचं तर ‘कॉल ऑफ’. दाताच्या डॉक्टरकडं जायचं आज-उद्या करत राहिलात, तर ‘पुट ऑफ गोइंग’. वासानं जेवणावरचं मन उडालं, तर ‘द स्मेल पुट मी ऑफ’. बॅटिंग करताना कुणी ओरडून लक्ष उडवलं तरी हेच. आणि ‘इट’ आलं की ते मधेच बसतं, ‘पुट इट ऑफ’. हे सांगायला एक तास लागतो हो, एक तास!

सरांना जाऊन विचारलं. म्हणाले, “एवढं खोलात गेलं की पोरं गोंधळतात.”

गोंधळतात? हीच पोरं दिवा लावतात, कुलूप लावतात, पैज लावतात, रानात ऊस लावतात. कधी गोंधळलीत? कारण ती वाक्यातनं शिकली, यादीतनं नाही. परगावच्या माणसाला ‘लावणे म्हणजे पेटवणे’ एवढंच शिकवा आणि मग सांगा, “औंदा दोन एकर ऊस लावलाय.” तो अग्निशमनचा बंब बोलवील! माझ्या भाच्याचं नेमकं हेच केलंय तुम्ही, आणि वर पोरांनाच कच्चं म्हणता.

ती वही आता माझ्याकडं आहे. पानंच्या पानं क्रियापदं, प्रत्येकापुढं एकच शब्द. एकाही ठिकाणी पुरं वाक्य नाही. आणि सोमवारपासनं त्यांची नवी बॅच सुरू होतेय.