शुक्रवारची बॅग

माझी मावसबहीण कोल्हापुरात, राजारामपुरीत राहते. घटस्फोटाला चार वर्षं झाली, मुलगी सात वर्षांची. आता एक स्थळ आलंय. माणूस समजूतदार वाटतो, तरी महिनाभर घरात एकच वाद चाललाय: पोरीला सावत्र बाप आणायचा का? परवा मावशी फोनवर म्हणाली, "पिक्चरमध्ये बघतोस न्हवं, सावत्र ते सावत्रच." मीही कुणाचा तरी सावत्र बाप आहे, हे बोलण्याच्या भरात ती विसरली. मला ते लागलं.

मी इंग्लंडात, लीड्समध्ये असतो. बायकोचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. एक शुक्रवार आड तो त्याच्या वडिलांकडं जातो आणि त्याची बॅग मी भरतो: पोहायचे कपडे, टॉवेल, दम्याचा पंप, अर्धवट वाचलेलं पुस्तक. पहिल्या वर्षी एकदा पंप घरीच राहिला. रात्री साडेनऊला मी तो घेऊन गेलो. दारात त्याचे वडील. काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, म्हणून पावसाबद्दल बोललो. मग त्यांच्या पाठीमागून पोरानं मला बघून हात हलवला. त्याच्या त्या दुसऱ्या घरात त्याचं नीट चालावं, हेही माझंच काम आहे, हे मला त्या दारात कळलं.

आपल्या सिनेमात हे दार मला कुठं दिसत नाही. 'बेटा'तली (१९९२) इस्टेटीवर डोळा ठेवणारी सावत्र आई सोडून देऊ, तो जुनाच साचा. पण मायेनं काढलेले सिनेमेही बघा. 'खट्टा मीठा'त (१९७८) विधुर आणि विधवा आपापली मुलं घेऊन एकत्र येतात. 'मासूम'मध्ये (१९८३) नवऱ्याचा बाहेरच्या संबंधातून झालेला मुलगा घरात येतो, तर त्याची आई वारलेली असते. 'वुई आर फॅमिली'त (२०१०) घटस्फोटित आई जिवंत आहे, तर तिला कॅन्सर होतो. आणि ही गोष्ट आली हॉलिवूडच्या 'स्टेपमॉम'वरून (१९९८), तिथंही तेच, त्यामुळं इकडचे लोक पुढारलेले असंही म्हणता येत नाही. आधीचं माणूस गेल्याशिवाय नव्याला घरात जागाच नाही. माझ्या पोराचा बाप मात्र धडधाकट आहे, आणि तसाच राहू दे.

इंग्लंडचा कायदा एवढं तरी ओळखतो. नुसत्या लग्नानं सावत्र बापाला मुलाबाबत कायदेशीर अधिकार मिळत नाही. पण १९८९ च्या बालकायद्याखाली आईवडिलांशी लेखी करार करून किंवा कोर्टाच्या आदेशानं पालकत्वाची जबाबदारी घेता येते, आणि त्यानं जन्मदात्या बापाचा हक्क जात नाही. कागद चोख आहे. माया मात्र इथं विचारून, बेतानं करतात. डिसेंबरात आम्ही कोल्हापूरला गेलो, तेव्हा माझ्या आईनं पहिल्याच दुपारी त्याला जवळ ओढलं आणि पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करून दिली. संध्याकाळी रंकाळ्यावर तो तिला आज्जी म्हणून हाका मारत होता.

हे ज्या गावात होतं, त्या गावानं सावत्र शब्दाला का भ्यावं? शाहू महाराजांनी १९१७ साली इथं विधवा पुनर्विवाहाला कायद्याचं बळ दिलं. प्रभात ही सिनेमा कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली. ती पुण्याला गेल्यावर, १९३७ मध्ये, कोल्हापूरच्याच शांतारामबापूंनी 'कुंकू' काढला. त्यात म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या नीरेच्या पाठीशी उभी राहते ती त्या म्हाताऱ्याची समाजकार्य करणारी मुलगी. सावत्र मुलगा तिच्यावर वाईट नजर ठेवतो, आणि सावत्र मुलगी तिला आधार देते. एकाच घरातली ही दोन माणसं. नातं सावत्र म्हणून माणूस कसा निघेल ते ठरत नाही, हे शांतारामबापूंनी तेव्हाच दाखवलं होतं. मावशीला मी तो सिनेमा बघायला सांगितलाय.

बहिणीला तो माणूस रविवारी भेटायला येणार आहे. पोरीवर माया करशील का, असं ती त्याला विचारणार होती. त्याला हो म्हणायला काय जातंय! मी तिला म्हटलं, असं विचार, की पोरगी तिच्या बापाकडं राहायला जाईल तेव्हा तिची बॅग तू भरशील का?