फिरता कंदील आणि मानाच्या सात काठ्या

पूर्वी दिवाळीच्या फिरत्या कंदिलात पणती असायची. हवा तापायची, वर चढताना कागदी पात्यांना ढकलायची, आतला कापीव चित्रांचा नळा फिरायचा आणि सावल्या बाहेरच्या कागदावर सरकायच्या. खर्च चमचाभर तेल. एलईडीच्या उबेवर पातं हलत नाही, म्हणून आता २८बीवायजे-४८ मोटर, तिला वीज पुरवणारा यूएलएन२००३ ड्रायव्हर, हुकूम सोडणारं अर्डुइनो नॅनो हे चिमुकलं बोर्ड आणि घरच्यांची सहनशक्ती एवढं सामान लागतं.

सावल्या कुणाच्या, हे सोलापुरात विचारायचं नसतं. सिद्धेश्वर यात्रेतल्या मानाच्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज! नळा २० सेंमी व्यासाचा, १५ सेंमी उंच. घेर ६३, म्हणजे प्रत्येक नंदीध्वजाला ९ सेंमी; मानपानाची भांडणं मिटली. बाहेरचा घोटीव कागद ३० सेंमी व्यासावर. नळ्याला कार्डशीट पुरते. कुणी यंत्रमागावरची जुनी जॅकार्डची पुठ्ठी फुकट देऊ करेल, घेऊ नका. त्यांना भोकं असतात. मिरवणुकीवर उजेडाचे ठिपके पडतात.

दिवा एकच. साठ दिव्यांची पट्टी लावलीत तर साठ सावल्या एकमेकींना पुसून टाकतात आणि कंदील नुसता उजळतो, ट्यूबलाइटसारखा. एक वॅटचा पांढरा एलईडी, जोडीला ५.६ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर, नळ्याच्या वरच्या काठाशी टांगायचा, तोंड खाली. दिवा स्थिर, नळा फिरता. दिवाच फिरवायला गेलात तर वायरीचा पीळ पडतो आणि पाडव्यापर्यंत ती तुटते.

मोटर खाली बसवायची. तिचा दांडा मधोमध नसतो, सुमारे ८ मिमी बाजूला असतो. मोटरचं पोट मध्यावर बसवलं की सातही काठ्या झिंगल्यासारख्या डोलतात. दांड्याला गोंदही जपून. थेंब आत ओघळला की गिअर कायमचे गप्प.

मग कोड. नॅनो संगणकाला दिसत नसेल तर आधी केबल बदला, घरातल्या निम्म्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात. स्वस्तातली नॅनो असेल तर अर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये, प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा. ड्रायव्हरच्या आयएन१ ते आयएन४ ओळीने नॅनोच्या ८ ते ११ पिनांना जोडल्यात ना? तरी कोडमध्ये ‘स्टेपर’ लायब्ररीला ८, १०, ९, ११ लिहायचं. शहाण्या मुलासारखं ओळीत लिहिलं की मोटर जागेवरच थरथरते, आणि नेमकं तेव्हाच शेजारचा डोकावतो, “काय बे, फिरतंय का नुसतंच गुणगुणतंय?”

वेग मिनिटाला ४ फेरे. फेऱ्याला २०४८ पावलं, १५ सेकंद. मिरवणुकीला शोभेल अशी चाल. मिरवणूक मागे चालत असेल तर नळा पुन्हा कापू नका, ‘स्टेप’च्या आज्ञेतल्या २०४८ च्या आधी उणे चिन्ह टाका. मोटरचे ५ व्होल्ट नॅनोतून न घेता मोबाइलच्या १ अँपिअर चार्जरवरून घ्या, ग्राउंड मात्र सगळ्यांचा एकच.

आणि टांगताना दोन दोऱ्या. एका दोरीवर वाऱ्याने अख्खा कंदीलच उलटा फिरतो, आणि खालून बघणाऱ्याला सात काठ्या एका जागी खोळंबलेल्या दिसतात.