तीस सॅशे आणि एक भाकरी

सकाळी लेकाला डॉक्टरकडे नेऊन आणलं तेव्हापासून डोकं तडतडतंय. पोरगं ६ वर्षांचं, तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. चार मिनिटांत तपासणी, प्रोबायोटिकचे, म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जिवाणूंच्या पुडीचे, ३० सॅशे, पुढचा नंबर. पोरगं खातं काय, हे एकदाही विचारलं नाही. एकदाही!

हेच पोरगं मे महिन्यात बार्शीजवळ माझ्या माहेरी बारा दिवस होतं. पहिले दोन दिवस नूडल्ससाठी भोकाड. तिसऱ्या दिवशी आजीच्या चुलीपुढं पाट ओढून बसलं. ज्वारीची भाकरी, चवळीची आमटी, शेंगाचटणी. आठवड्याभरात आईचा फोन, "आता रोजच्या रोज जातंय बघ तुझं लेकरू." बोर्डात आल्यासारखा आवाज!

२०१० साली इटलीच्या संशोधकांनी फ्लोरेन्सची मुलं आणि आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या बुल्पाँ गावची मुलं यांच्या पोटातले जिवाणू ताडून पाहिले होते. गावातलं जेवण काय? बाजरी-ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड, पालेभाजीचं कालवण आणि चवळी. आईचंच ताट की हो! दोन वर्षांपुढची तिथली मुलं दिवसाला १४ ग्रॅम तंतू (फायबर, म्हणजे चोथा) खात होती, फ्लोरेन्सची ८. गावच्या पोरांच्या पोटात प्रिव्होटेलासारखे कोंडा-चोथा पचवणारे जिवाणू भरपूर. ते चोथ्यातून जी आम्लं बनवतात त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. म्हणजे या जिवाणूंना जेवू घालावं लागतं. आपण काय करतो? सॅशेतून पाहुणे आणतो आणि त्यांच्यापुढं मैद्याचं बिस्किट ठेवतो.

हो, माहीत आहे, दोन्हीकडची मिळून तीसेक मुलं, एवढ्याशा अभ्यासावर जग ठरत नाही. आणि बुल्पाँची गरिबी कुणाला नकोय. आमच्या गावातही आता पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या माळा टांगलेल्या असतात, तेही कबूल.

पण डॉक्टरवर किती चिडू? डबा मीच भरते. सोमवारी जॅम-ब्रेड, मंगळवारी पास्ता, बुधवारी पुन्हा ब्रेड. साडेसातची व्हॅन, नऊची माझी बस. भाकरी थापायला हात लागतात आणि वेळ लागतो, आणि आमच्या घरात हे दोन्ही माझेच धरलेले असतात. (नवरोबा ही पोस्ट वाचतीलच.) मेमध्ये आई म्हणाली होती, "पीठ देते गं बांधून." मी म्हटलं, "राहू दे, पुण्यात मिळतं सगळं."

मघाशी कोपऱ्यावरच्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली, दुसरी उचलताच येईना. विरी गेलेलं पीठ, कधी दळलंय देव जाणे. लेक ओट्याला टेकून बघत होता. म्हणाला, "आजीची फुगते."

फाटलेलीच खाल्ली त्यानं, तूप-गूळ लावून. अर्धी.

सॅशेही दिला. पैसे भरलेत.