शेक्सपियरच्या नावात चावटपणा आहे, म्हणून नाव खोटं ठरत नाही

तो मेसेज परत फिरायला लागलाय. 'शेक' म्हणजे हलवणं, 'स्पियर' म्हणजे भाला, आणि भाला म्हणजे काय ते समजून घ्या, पुढे हसणारे इमोजी. मग निष्कर्ष असा, की एवढं अचकट नाव खरं असूच शकत नाही, कुणा उमरावानं गंमत म्हणून घेतलेलं टोपणनाव आहे, नावातली आडवी रेघ ('शेक-स्पियर') हा पुरावा, सह्या जुळत नाहीत हा दुसरा, 'विल'चाही अर्थ तसलाच हा तिसरा, आणि खरा माणूस तर शेख झुबेर नावाचा अरब! हा लेखक मला जिवापाड आवडतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी नाव. चावट अर्थ निघतो, मान्यच. पण हे आडनाव त्याच्या आधी तीनशे वर्षं इंग्लंडमध्ये होतं, १२४८ साली ग्लॉस्टरशरमध्ये याच आडनावाच्या एका विल्यमला दरोड्यासाठी फाशी झाल्याची नोंद आहे. आपल्या विल्यमच्या बाप्तिस्म्याची नोंद स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये २६ एप्रिल १५६४ ची, बापाच्या नावासकट, आता तान्ह्या पोराचं टोपणनाव कोण कशाला ठेवेल? आपल्याकडे वाघमारे आहेत तशीच ही घडण, तिकडे वॅगस्टाफ आहेत म्हणजे काठी हलवणारे, ब्रेकस्पियर आहेत म्हणजे भाला मोडणारे, आणि इंग्लंडमधून आजवर झालेला एकमेव पोप हा ब्रेकस्पियरच.

मेसेजवाल्यांच्या बाजूनं जाणारी एक नोंद मात्र आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात १४८७ साली ह्यू शेक्सपियर नावाच्या माणसानं आडनाव बदलून सॉन्डर केलं, कारण लॅटिनमध्ये लिहिलंय की ते नाव हलकं समजलं जातं. पण हलकं म्हणजे अश्लीलच असं कुठे आहे, लॅटिनमधला तो शब्द स्वस्त, सामान्य, खालच्या लोकांचं अशा अर्थानंही येतो. आणि शेक्सपियरच्या घरच्यांना लाज वाटत होती का, तर १५९६ साली बापाला कुलचिन्ह मिळालं त्यावर काय आहे बघा: सोनेरी ढाल, तिच्यावर काळा तिरपा पट्टा, पट्ट्यात भाला, आणि वर ससाणा, त्याच्याही पायात भाला. म्हणजे नावावरची कोटी त्यांनी मिरवलीय.

आडवी रेघ. १६०९ च्या त्याच्या सुनीतांच्या (सॉनेट्सच्या) पुस्तकावर ती आहे, खरंय. पण दोन शब्दांचं वाटणारं कुठलंही नाव तेव्हा छापखानेवाले असं तोडायचे, रॉबर्ट वाल्डग्रेव्ह नावाचा मुद्रक तर स्वतःचंच नाव मध्ये रेघ घालून छापायचा, आणि तो काही टोपणनावानं धंदा करत नव्हता.

सह्यांचं थोडक्यात. सहा उरल्यात, एकीतही आजचं स्पेलिंग नाही. त्या काळी स्पेलिंग ठरलेलंच नव्हतं, नाटककार मार्लोची एकच सही सापडलीय आणि तीही 'मार्ली' अशी. शेख झुबेर ही तर नुसती उच्चारावरची कोटी, पुरावा शून्य.

'विल'चा मुद्दा माझा सगळ्यात आवडता, कारण मेसेज इथे अर्धा बरोबर आहे. तेव्हाच्या इंग्रजीत 'विल' म्हणजे इच्छा, वासना, आणि बोलीत बाईचं नि पुरुषाचं दोघांचंही गुप्तांग, शिवाय विल्यमचं लाडकं रूप. १३५ वं सुनीत काढून मोठ्यानं वाचा, चौदा ओळींत हा शब्द डझनाहून जास्त वेळा येतो आणि प्रत्येक वेळी यातला दुसराच अर्थ पुढे सरकतो, मधेच तो ज्या बाईला उद्देशून लिहितोय तिला म्हणतो की तुझं 'विल' एवढं मोठं नि ऐसपैस आहे तर माझं 'विल' एकदा त्यात लपवू दे की. इतका धीट चावटपणा तो स्वतःच करतोय, कुणाला शोधून काढायची गरजच नाही! पण ही गंमत चालते कशावर, तर नाव खरं आहे यावर. टोपणनाव असतं तर 'विल' हा नुसता एक द्व्यर्थी शब्द उरला असता. पुढच्याच १३६ व्या सुनीतात तो सांगतो की फक्त माझ्या नावावर प्रेम कर, म्हणजे मग माझ्यावरही करशील, आणि कारण देतो शेवटच्या ओळीत, शेवटच्या चार शब्दांत: माझं नाव विल आहे.