‘बर्डी-इतवारीचे दिवस संपले’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. बर्डी, महाल, इतवारी या जुन्या बाजारांचे दिवस संपले. पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक मॉलकडे वळले. ठेलेवाल्यांनी दुकानदार बुडवला. रस्त्यावर गाड्या बंद केल्या तर उरलासुरला धंदाही जाईल. आणि दुसऱ्या शहरांकडून शिकणे म्हणजे अधिकाऱ्यांची सहल.

‘पार्किंग नाही, म्हणून गिऱ्हाईक नाही’

हा मुद्दा सगळ्यांना चटकन पटतो, म्हणून आधी त्याचाच हिशेब. बाजाराचा ५०० मीटरचा रस्ता घ्या. रस्त्याला समांतर उभ्या कारला ६ मीटर लांबी लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून १६६ कार. गल्ल्यांची तोंडे, वळणे, विजेची डीपी, मंदिराचे दार वगळले की १२० उरल्या तरी पुष्कळ. बाजार १० तास चालतो आणि एक गाडी सरासरी दीड तास थांबते असे धरा: दिवसाला ८०० गाड्या. आता यातल्या ७० जागा सकाळी शटर उघडतानाच मालक आणि नोकरांनी अडवल्या, तर गिऱ्हाइकांच्या वाट्याला ३३३ गाड्या येतात. जागा तेवढीच आहे, अर्ध्याहून अधिक गिऱ्हाईक मात्र दुकानदारानेच परत पाठवले.

आपल्या रस्त्यावर हे प्रमाण किती आहे, ते कळायला सल्लागार कंपनी लागत नाही. सकाळी ९ ते रात्री ९, दर अर्ध्या तासाने एक फेरी मारायची आणि नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहायचे. एकदा मधल्या वारी, एकदा शनिवारी. चार तासांहून जास्त वेळ दिसलेला नंबर बहुधा दुकानाचाच. चूक होते ती दुचाकींत. पार्किंगवाला पोरगा गाड्या सरकवत असतो, त्यामुळे जागेवरून नोंद केली तर तीच गाडी नवी वाटते. ताळा नंबरावरूनच घ्यावा.

‘मग बहुमजली पार्किंग बांधा.’ उतार आणि फिरायची वाट धरून एका कारला इमारतीत २८ ते ३२ चौरस मीटर लागतात. १,००० चौरस मीटरचे पाच मजले म्हणजे साधारण १६५ कार. शेजारच्या रस्त्यावर गाडी फुकट उभी राहत असेल, तर हे मजले रिकामेच राहणार. रस्त्यावरचा दर इमारतीपेक्षा जास्त असला, तरच माणूस वर जातो.

‘ठेलेवाले हटवा’

पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, आयुक्त तिचे अध्यक्ष. निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावे लागते. हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस. हे टाळून केलेली कारवाई कोर्टात अडकते आणि आठवडाभरात ठेले परत येतात. मग दोष कायद्याला!

मोजायचे असेल तर फुटपाथ मोजा. चालायला किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी. टेप लावला की बहुतेक ठिकाणी पहिली घुसखोरी दुकानाच्या पायरीची दिसते, दुसरी कपडे घातलेल्या पुतळ्यांची, ठेला तिसरा. कित्येक बाजारांत दुकानासमोरच्या जागेचे भाडे ठेलेवाल्याकडून दुकानदारच घेतो, याबद्दल मेसेज गप्प आहे. ठेला झाडा-खांबांच्या पट्ट्यात, पाठ रस्त्याकडे करून लावावा, आणि दर १० मीटरवर २ मीटरची फट सोडावी. फटी नसल्या की माणसे रस्त्यावरूनच चालतात.

‘गाड्या बंद केल्या की धंदा बसतो’

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा १.३ किलोमीटर रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटार वाहनांना बंदी. पुढे बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, तुटले आणि दुचाकी, ई-रिक्षा आत येऊ लागल्या. कारण साधे आहे. व्हीलचेअर जायची तर दोन बोलार्डमध्ये निदान ९० सेंटिमीटर लागतात, आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात निघते. दुचाकी खांब रोखत नाही, माणूस रोखतो. त्या माणसाचा पगार दरवर्षीच्या अंदाजपत्रकात नसेल, तर ग्रॅनाइट कितीही भारी घाला.

दुसरी अडचण मालाची. इतवारीसारख्या ठोक बाजारात हमाल, हातठेला आणि छोटा हत्ती (मालवाहू टेम्पो) दिवसभर फिरतात. माल फक्त रात्री उतरवा म्हटले की प्रत्येक दुकानात रात्रीचा माणूस ठेवावा लागतो. लहान दुकानदाराला ते परवडत नाही आणि तोच सगळ्यात आधी विरोध करतो. सकाळी १० पर्यंत आणि दुपारी २ ते ४ अशा दोन वेळा दिल्या तर निभते. नागपुरात मे महिन्याच्या ४५ अंशांत दुपारी तसेही गिऱ्हाईक नसते. याच उन्हामुळे सावली नसलेला ‘पादचारी रस्ता’ इथे चालणार नाही: आधी झाडे-छत, मग फरशी. अग्निशमनाच्या गाडीसाठी मधली ४ मीटर वाट मोकळी राहिली पाहिजे. आणि रस्ता खरवडल्याशिवाय वर सिमेंट ओतू नका. दुकानाचा उंबरठा खाली गेला की पहिल्याच पावसात पाणी आत.

‘मेट्रो आली, आता सगळे आपोआप होईल’

हे पुरवणी वाक्य अलीकडचे. सीताबर्डी स्टेशनवर २०२० पासून दोन्ही मार्गिका जोडल्या आहेत. पण स्टेशन आले म्हणून वरचा बाजार आपोआप भरत नाही. टोरोंटोत ब्लूर रस्त्याखाली मेट्रो आली, ट्राम बंद झाली, आणि वरच्या दुकानांसमोरून माणसे कमी झाली. ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये ठरावीक हद्दीत प्रत्येक धंद्यावर सक्तीची पट्टी बसवून घेतली. त्यातून दिवे, बाके, सजावट. आपल्याकडे ऐच्छिक वर्गणी असते. दहा जण देतात, चाळीस जण उजेड फुकट घेतात, आणि तिसऱ्या वर्षी ते दहाही थांबतात.

‘प्रत्येक शहर वेगळे, शिकायचे काय?’

सहलीवरचा राग समजतो. पण पायी चालणाऱ्यांसाठी रस्ते सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत निवडलेल्या ११ शहरांत नागपूर, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि छत्रपती संभाजीनगर ही चार आपलीच आहेत. अमेरिकेत १९७७ मध्ये तीन लहान गावांनी मुख्य बाजार सावरायचा प्रयोग एकत्र केला, प्रत्येक गावात एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमून. फ्रान्सने २०१८ पासून २२२ मध्यम शहरांच्या मध्यवस्तीसाठी ५ अब्ज युरोंचा कार्यक्रम आखला. त्यात दुकानांच्या वरची घरे दुरुस्त करण्यावर भर आहे, आणि शहराबाहेरच्या मोठ्या दुकानांची परवानगी स्थगित ठेवायची कायदेशीर सोयही झाली. आपल्या स्मार्ट सिटीचा क्षेत्रविकास मात्र पारडी, भरतवाडा, पुनापूरला गेला. महालच्या रिकाम्या माड्यांवर कोण राहणार? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्केच वाढ. जुने भाडे आधीच नगण्य असेल, तर त्यातून छप्पर बदलत नाही.

शहरांनी एकमेकांकडून नकाशे मागू नयेत, फसलेल्या प्रयोगांचे आकडे मागावेत. चंद्रपूरचा गोलबाजार, अमरावतीचा जवाहर गेट आणि आपला महाल यांनी एकच तक्ता भरावा: तासाला पायी जाणारी माणसे, गाड्या किती वेळ थांबतात, बंद शटर, रिकामे वरचे मजले, माल उतरवायच्या वेळा. मोजणी दिवाळीच्या पंधरवड्यात नको, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी नको, आणि बर्डीपुरती हिवाळी अधिवेशनाच्या मोर्च्यांतही नको. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा. उन्हाची मोजणी मे महिन्यात वेगळी घ्यावी.