मेलाटोनिन, मूठभर द्राक्षं आणि 10 मिलिग्रॅमची गोळी

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवाल्यांपासून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘मेलाटोनिन हे सर्वात शक्तिशाली अँटीऑक्सिडंट हार्मोन. ते कमी पडलं की पेशी गंजतात. उंदरांवर सिद्ध झालंय. रोज झोपताना 10 मिलिग्रॅम गोळी घ्या, नाहीतर मूठभर काळी द्राक्षं खा. नैसर्गिक आहे, अपाय शून्य.’ नात्यातली, मधुमेह असलेली माणसं हे वाचून गोळ्या आणायला निघालीत, म्हणून एकेक मुद्दा तपासतो.

‘सर्वात शक्तिशाली’ या शब्दांमागे थोडं सत्य आहे. 1993 मध्ये टॅन, रायटर आणि सहकारी या संशोधकांनी दाखवलं की पेशींना इजा करणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकल या कणाला मेलाटोनिन निकामी करतं. पण ते परीक्षानळीत. आपल्या रक्तात भर रात्रीसुद्धा ते मिलिलिटरमागे साधारण 60 ते 100 पिकोग्रॅम असतं, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. पेशीतलं ग्लुटाथायोन हे दुसरं अँटीऑक्सिडंट त्याच्या लाखो पट जास्त भरतं. शिवाय सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटलेज ही विकरं (एन्झाइम्स) अहोरात्र राबत असतातच. संरक्षणाचा मुख्य भार यांच्यावर आहे. मेलाटोनिनचं मूळ काम ‘अंधार पडला’ हा निरोप शरीरभर पोचवण्याचं.

ते नसेल तर पेशी गंजतात का? प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरली जाणारी सी57बीएल/6 ही काळ्या उंदरांची जात बघा. जनुकातल्या दोषामुळे तिच्यात मेलाटोनिन जवळपास तयारच होत नाही. तरी हे उंदीर दोन वर्षांहून जास्त जगतात, पिल्लं घालतात. मेलाटोनिन हेच पेशींचं मुख्य कवच असतं, तर हे जमलं नसतं.

‘उंदरांवर सिद्ध’ हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच भले भले फसतात. रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केला की हृदयाच्या, यकृताच्या ऊतींना इजा होते, आणि मेलाटोनिन दिल्यावर ती कमी होते, असं प्राण्यांमध्ये अनेकदा दिसलंय. ते प्रयोग खोटे नाहीत. पण तिथला डोस बघा: किलोमागे 10 मिलिग्रॅम हा नेहमीचा आकडा. उंदराचा डोस माणसासाठी बदलण्याच्या रूढ पद्धतीने हिशेब केला तरी 60 किलोच्या माणसाला तो, उंदराच्या जातीनुसार, 50 ते 100 मिलिग्रॅमच्या घरात जातो. आणि माणसांवर? स्पेनमध्ये हार्ट अटॅकच्या रुग्णांना अँजिओप्लास्टीच्या वेळी शिरेतून आणि थेट हृदयाच्या धमनीत मेलाटोनिन दिलं गेलं. 2017 मध्ये निष्कर्ष आले: हृदयस्नायूची हानी कमी झाली नाही.

द्राक्षांचा हिशेब तर आपल्या नाशिककरांना तोंडी जमेल. 2006 मध्ये इटलीतल्या संशोधकांना वाइनच्या द्राक्षांच्या सालीत मेलाटोनिन सापडलं, ग्रॅममागे 1 नॅनोग्रॅमच्याही आत. सबंध द्राक्षात तेवढंच धरलं तरी 10 मिलिग्रॅमसाठी 10 टन माल लागेल, म्हणजे चांगल्या एकरभर बागेचा अख्खा तोडा. आणि मधुमेह असेल तर रात्री ‘औषध’ म्हणून द्राक्षं खाऊच नका.

राहिलं ‘नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य’. इन्सुलिनही नैसर्गिकच आहे, ते कोणी मेसेज वाचून टोचून घेतं का? मेंढ्यांचा माजाचा हंगाम अलीकडे आणायला परदेशात कानामागे मेलाटोनिनची गोळी बसवतात, इतकं हे हार्मोन प्राण्याच्या शरीरावर हुकूम चालवतं. माणसात ते इन्सुलिनच्या स्रवण्यातही ढवळाढवळ करतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनशी त्याचं जुळत नाही. आणि अँटीऑक्सिडंटची गोळी म्हणजे फायदाच, हेही गृहीत धरू नका. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हे अँटीऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला. हे 1994 मध्येच छापून आलंय.

गोळीत लेबलवर लिहिलेलं तेवढंच असतं, याचीही खात्री नाही. कॅनडात 31 उत्पादनं तपासली, तर काहींत लेबलपेक्षा 83 टक्के कमी, काहींत 478 टक्के जास्त मेलाटोनिन निघालं. जेट लॅगसाठी किंवा झोपेच्या ठरावीक तक्रारींसाठी डॉक्टर ते थोड्या डोसमध्ये, थोडे दिवस देतात, ते ठीकच. पण घरात कोणी हा मेसेज वाचून आधीच सुरू केलं असेल, तर साखरेच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांसोबत ती पट्टीही डॉक्टरांसमोर ठेवा.