झाकले पातेले सव्वा लाखाचे

ज्या पद्धतीत स्वयंपाक करणाऱ्याला जवळजवळ काहीच करावे लागत नाही, ती पद्धत घरात रुजवणे हे किती कष्टाचे काम आहे, याचा अनुभव मी सध्या घेतो आहे. कृती अगदी सोपी आहे. पातेल्यातल्या पदार्थाला सणसणीत उकळी आणावी, ती काही मिनिटे टिकू द्यावी, घट्ट झाकण लावून पातेले उष्णता धरून ठेवणाऱ्या पेटीत ठेवावे आणि गॅस बंद करावा. उरलेले शिजणे पदार्थात साठलेल्या उष्णतेवर होते. आपण पेटीला काही तास हात लावायचा नाही, एवढीच अट. आणि आमच्या घरातले सगळे वाद या एका अटीवरून पेटतात.

शास्त्र पूर्णपणे माझ्या बाजूचे आहे. उघड्या पातेल्यातले पाणी एकदा उकळले, की खाली कितीही आच वाढवा, ते 100 अंशांच्या पुढे जात नाही. एक किलो पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण 335 किलोज्यूल ऊर्जा लागते, तर तेवढ्याच पाण्याची वाफ करायला सुमारे 2,257. म्हणजे रटरटणाऱ्या पातेल्याखाली मोठी आच ठेवणारा माणूस अन्न शिजवत नसतो, स्वयंपाकघराची हवा दमट करत असतो. हे सगळे मी घरच्यांना आकड्यांसह समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग आईने विचारले, "बरं, पण शिजलंय का ते बघू का जरा?"

तिची अडचण मला कळत नाही असे नाही. जन्मभर जिने कानाने आणि नाकाने स्वयंपाक केला, तिच्यापुढे मी एक मुकी पेटी आणून ठेवली आहे. शिट्टी नाही, रटरट नाही, वाफ नाही. वास येत नाही त्या अर्थी शिजत नाही, असा तिचा निष्कर्ष. वास बाहेर येत नाही म्हणूनच शिजते आहे, असे माझे उत्तर. चुलीवरचे झाकण उघडले तर गेलेली उष्णता खालची आच भरून काढते. इथे आत विस्तव नसल्यामुळे गेलेली उष्णता गेलीच. त्यामुळे "फक्त एकदाच" डोकावणारी चार माणसे घरात असली, की संध्याकाळी पातेले पुन्हा गॅसवर चढवावे लागते आणि वाचवलेले इंधन कुतूहलावर खर्च होते.

मग मी इतिहासाचा आधार घेतला. 1867 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेहून आलेले अशा तऱ्हेचे पाकयंत्र मांडले होते. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनमधल्या गृहिणींनी गवत भरलेल्या पेट्यांत अन्न शिजवले. 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सारा कॉलिन्स यांनी त्याच तत्त्वावर ‘वंडरबॅग’ नावाची जाड अस्तराची पिशवी आणली. आत्याने यावर एवढेच म्हटले, की त्या बायकांकडे गॅस नव्हता, आपल्याकडे आहे.

गवत असो, लोकर असो वा थर्माकोल, खरे काम करते ती त्यात अडकून पडलेली हवा. घरात अशी अडकलेली हवा सर्वाधिक प्रमाणात बाबांच्या रजईत आढळली. ती पातेल्याच्या वरून आणि बाजूंनी गुंडाळणे पुरत नाही, खालीही जाड थर लागतो. तेव्हा रजई पूर्णच घ्यावी लागली. "पातेल्याला थंडी वाजते, मला वाजत नाही का?" या बाबांच्या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर नाही. शिवाय पातेले काठोकाठ भरलेले असले तरच उष्णता टिकते, वाटीभर पदार्थ लवकर निवतो, त्यामुळे आम्ही भुकेच्या मानाने नव्हे तर पातेल्याच्या मानाने जेवतो.

एका बाबतीत मात्र मी स्वतःच कडक आहे. राजम्यातले नैसर्गिक विष मंद उष्णतेने जात नाही. म्हणून तो भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे आणि सावधगिरी म्हणून अर्धा तास खळखळून उकळल्याखेरीज मी पेटीत जाऊ देत नाही. तसेच अन्न 60 अंशांच्या खाली रेंगाळले तर जंतूंना रान मोकळे मिळते, हेही विसरून चालत नाही. तापमान बघायला झाकण उघडावे लागू नये म्हणून मी लांब तारेचा तापमापक आणला. तार झाकणाखालून आत जाते आणि आकडा बाहेर दिसतो.

त्यामुळे डोकावणे थांबले आहे, पण आता सगळे त्या आकड्याभोवती बसतात. आई ब्याऐंशी म्हणते, आत्या चष्मा पुसून एक्क्याऐंशी म्हणते आणि बाबा सगळ्यांत बारकाईने लक्ष ठेवून असतात. "साठाच्या खाली गेलं की पातेलं तू परत गॅसवर चढवणार ना?" त्यांनी काल मला विचारले. "मग चढवलंस की लगेच रजई माझ्या खोलीत आणून दे."